वजन उतरल्यानंतर

आपल्या संस्थेच्या स्मरणिकेसाठी लेख लिहावयाचा म्हणजे एखाद्या विकाराची लक्षणे, निदान, उपचार आणि शेवटी 'वेळीच काळजी घ्या' असा एक ठरलेला साचा असतो. या पानांवर मीही तसे लेख लिहिले आहेत. मधुमेहावर दोन आणि रक्तदाबावर एक. यंदा संपादकांनी स्थूलतेवरील शल्यक्रियेविषयी लिहा असे सुचविले, तेव्हा तो साचा हाताशी होताच. लिहावयास बसलो मात्र, आणि जठराच्या आकृत्यांऐवजी माझ्या दवाखान्यातली एक दुपार डोळ्यांपुढे उभी राहिली. त्या दुपारी मी चुकलो होतो, म्हणून साचा बाजूला ठेवून हा लेख लिहीत आहे.

एका शाळेत शिकविणाऱ्या बाई माझ्याकडे अनेक वर्षे येत. वय ४१, वजन ११८ किलो, इन्सुलिनवर असलेला मधुमेह, झोपेत श्वास अडखळण्याचा विकार आणि गुडघे तर केव्हाच कुरकुरू लागलेले. मीच त्यांना शल्यविशारदांकडे पाठविले. 'स्लीव्ह' म्हणून ओळखली जाणारी शस्त्रक्रिया झाली. म्हणजे जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकला जातो आणि उरते ती एक अरुंद नळी. चौदा महिन्यांनी त्या तपासणीला आल्या तेव्हा वजन होते ७३ किलो. इन्सुलिन बंद झाले होते, रात्री लावावयाचे श्वासाचे यंत्र कपाटात गेले होते, अहवालातला प्रत्येक आकडा सुरेख होता. मी उत्साहाने म्हणालो, "बाई, अभिनंदन! तुम्ही तर आमची चालतीबोलती जाहिरात झालात!"

त्या रडू लागल्या. मग म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, स्टाफरूममध्ये ज्यांनी इतकी वर्षं मला कधी शेजारी बसवलं नाही, त्या आता डबा खायला बोलावतात. मी तीच आहे ना? मग इतके दिवस त्या कोणाला टाळत होत्या?"

माझ्याजवळ याचे उत्तर नव्हते. ते कबूल करण्याऐवजी मी म्हणालो, "अहो, आनंदाच्या वेळी रडायचं काय!" जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची चिठ्ठी पुढे केली आणि पुढच्या रुग्णाला बोलावले. त्यानंतर त्या वर्षभर माझ्याकडे आल्या नाहीत.

आपली भाषाच पाहा. मराठीत 'तब्येत सुधारली' याचा रूढ अर्थ वजन वाढले असा आहे आणि 'तब्येत उतरली' म्हणजे माणूस वाळला. लठ्ठ मुलीला 'खात्यापित्या घरची' म्हणून कुरवाळणारे आपण, तीच मुलगी विवाहयोग्य झाली की चिंतेत पडतो. वर्गात 'ढब्बू' आणि 'जाड्या' ही नावे तर अशी चिकटतात की पन्नाशीतल्या गृहस्थाला शाळासोबती भर मांडवात त्याच नावाने हाक मारतो आणि त्याने हसून प्रतिसाद द्यावा अशी अपेक्षा असते. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाने पुढे शस्त्रक्रिया करून पन्नास किलो उतरविले, तर पहिली सहा-सात वाक्ये जी त्याच्या कानी पडतात ती अशी: काही आजार-बिजार आहे का? चेहऱ्यावरचं तेज गेलं हो. ऑपरेशन करून बारीक व्हायचं हे काही खरं नव्हे, थोडा संयम ठेवला असता तर? डॉ. श्रीकांत जिचकारांचा विचार पुढे नेऊन डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोनदाच जेवण्याची जी पद्धत घरोघरी पोहोचविली, तिचा दाखला देणारे तर हटकून भेटतात. तिची उपयुक्तता हा येथील विषय नाही. परंतु ज्याच्या जठराची धारणाच शे-दीडशे मिलिलिटरवर आली आहे त्याला दिवसाकाठी पाच-सहा वेळा थोडे थोडे खावेच लागते, प्रथिने मोजावी लागतात, जेवण आणि पाणी यांत अर्धा तास ठेवावा लागतो. त्याला दोनदा जेवण्याचा उपदेश करणे म्हणजे लंगड्याला शर्यतीचे नियम सांगणे आहे.

आणि आपले हे इंदूर! येथे पाहुण्याला पोह्यांवाचून परत पाठविणे हा जवळजवळ अपराध समजला जातो, थंडीत गराडूवाचून मैफल रंगत नाही आणि सराफ्यात दागिन्यांची दुकाने मिटली की खाण्याची उघडतात. त्यात आपला मराठी आग्रह. पंगतीत पानावर हात आडवा धरणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून श्रीखंड वाढण्याचे कसब आपल्या मावश्या-आत्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जोपासले आहे. या आग्रहात माया असते, हे मी नाकारीत नाही. पण 'नको' या शब्दाला तेथे किंमत नसते. आणि ज्याला आयुष्यात प्रथमच पोटातून 'पुरे' असा निरोप मिळू लागला आहे, त्याला तो निरोप चारचौघांत उच्चारता येत नाही.

आता वैद्यकीय बाजू. ही शस्त्रक्रिया नवीन नाही. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात एडवर्ड मेसन आणि चिकाशी इटो यांनी १९६६ मध्ये जठराच्या बायपासला प्रारंभ केला. तिची उपयुक्तता आज वादातीत म्हणावी अशी आहे. २००७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये दोन अभ्यास एकत्रच प्रसिद्ध झाले, एक स्वीडनचा आणि एक अमेरिकेतील यूटाचा. दोहोंतही शस्त्रक्रियेनंतर एकूण मृत्युदर घटलेला दिसला. यूटाच्या अभ्यासात तो ४० टक्क्यांनी कमी होता आणि मधुमेहाने येणारे मृत्यू तर ९२ टक्क्यांनी. हे आकडे आपण परिषदांत टाळ्यांच्या गजरात ऐकतो. त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, तो सहसा पडद्यावर येत नाही: रोगाव्यतिरिक्त कारणांनी, म्हणजे अपघात, आत्महत्या इत्यादींनी झालेले मृत्यू शस्त्रक्रिया झालेल्या गटात ५८ टक्क्यांनी अधिक होते. पुढे २०१६ मध्ये कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातील ८,८१५ रुग्णांची शस्त्रक्रियेपूर्वीची तीन वर्षे आणि नंतरची तीन वर्षे ताडून पाहण्यात आली. स्वतःला इजा करून घेतल्यामुळे तातडीच्या विभागात येण्याचे प्रमाण दर हजारी वर्षाला २.३३ वरून ३.६३ वर गेले होते. बायपासनंतर मद्य रक्तात लवकर भिनते आणि दुसऱ्या वर्षापासून मद्याच्या आहारी जाणाऱ्यांचे प्रमाण वाढते, हेही २०१२ पासून आपल्याला ठाऊक आहे.

हे आकडे वाचून कोणी शस्त्रक्रियेस घाबरू नये. हजारात तीन-चार ही संख्या लहान आहे, बहुसंख्य रुग्ण शरीराने व मनानेही सुधारतात, आणि परदेशांतील प्रमाण जसेच्या तसे येथे लावता येणार नाही. माझा रोख वेगळा आहे. रुग्णाचे वजन सर्वांत वेगाने उतरत असते तेव्हा आपण त्याला दर महिन्याला भेटतो. ते उतरणे थांबते, कौतुक ओसरते, सैल कातडीच्या घड्या उरतात, आणि 'बारीक झालो की सगळे सुरळीत होईल' या आशेतले काय काय झाले नाही हे कळू लागते ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. नेमका तेव्हाच तो आपल्या वहीतून नाहीसा झालेला असतो. संसारातही उलथापालथ होते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वीडनच्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर एकट्या माणसांत विवाहाचे व नव्या सहजीवनाचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि आधीच जोडीदार असलेल्यांत विभक्त होण्याचेही. माणूस बदलला की त्याच्या भोवतीच्या खुर्च्याही हलतात, हे कोणत्याही संमतिपत्रात लिहिलेले नसते.

आत्मसन्मानाच्या प्रश्नाकडे मी ज्या निबंधामुळे वळलो तो १९९१ सालचा, अवघ्या ४७ रुग्णांचा आहे. रँड आणि मॅकग्रेगर या अमेरिकी संशोधकांनी शस्त्रक्रियेने वजन उतरलेल्या लोकांना विचारले: पुन्हा पूर्वीइतके स्थूल होणे आणि दुसरे एखादे व्यंग, यांतून काय निवडाल? बहिरेपण सर्वांनी पत्करले. जवळजवळ नव्वद टक्के लोकांनी अंधत्व पत्करले. पाय तोडलेला चालेल, असे त्याहूनही थोडे अधिक लोक म्हणाले. शस्त्रक्रियेच्या यशाचा पुरावा म्हणून हा निबंध सांगितला जातो. मला तो वाचून भीती वाटली. कारण वजन परत वाढते. स्वीडनच्याच अभ्यासात बायपासनंतर पहिल्या-दुसऱ्या वर्षी ३२ टक्क्यांपर्यंत उतरलेले वजन दहाव्या वर्षी २५ टक्क्यांवर आले होते. म्हणजे थोडेफार परत येणे हा नियमच आहे. ज्याने आपली सारी किंमत काट्यावरच्या आकड्यात ठेवली, आणि आपण ती ठेवू दिली, त्याने पाच किलो वाढल्यावर आरशात काय पाहावे?

या जागी डॉक्टरचा शब्द तोकडा पडतो, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मी कधी ११८ किलोचा नव्हतो. बसमध्ये शेजारची जागा रिकामी राहण्याचा अनुभव मला नाही. मी 'समजू शकतो' असे म्हणालो तर तो सौजन्याचा भाग आहे. ज्याने ते भोगले आहे तो काही न बोलता शेजारी बसला तरी काम होते. वैद्यकाला हे नवे नाही. १९३५ मध्ये अमेरिकेत ॲक्रन या गावी 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस'चा आरंभ झाला तो शेअर दलाल बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ या दोघा मद्यपींच्या संभाषणातून. यांतला दुसरा शल्यविशारद होता. स्तनाच्या शस्त्रक्रियेतून गेलेल्या टेरेसी लासर या बाई १९५२ पासून तशाच रुग्णांना भेटू लागल्या, ते त्या काळच्या पुष्कळ शल्यविशारदांना रुचले नव्हते. १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने ते कार्य आपलेसे केले. आणि आपल्या माणसांत पाहावयाचे तर पुण्याचे 'मुक्तांगण' आहे. १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या त्या केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते झाली.

वर्षभराने त्या शिक्षिका आल्या त्या तपासणीसाठी नव्हे. म्हणाल्या, "आम्ही काहीजण महिन्याच्या पहिल्या रविवारी भेटतो. एकदा या. पण बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं." अटीचा थोडा राग आला, तरी गेलो.

एका घराच्या ओसरीवर तेरा-चौदा माणसे बसली होती. चहाचे पेले इवलेसे. एकीला चौथ्या महिन्यात मुठीमुठीने केस जात होते, दुसरीने आपली वेणी पुढे ओढून दाखविली व म्हणाली, "माझेही गेले होते, बघ." हेच मी दवाखान्यात दहा वेळा सांगतो, पण माझ्या सांगण्यात वेणी नसते. पोलके उसवून पुन्हा शिवणारा शिंपी कोणता, जुने कपडे वाटून टाकावेत की 'न जाणो' म्हणून ट्रंकेत ठेवावेत, यावर बराच खल झाला. ठेवणे म्हणजे स्वतःवर अविश्वास, असे एक पक्ष म्हणत होता; दुसरा पक्ष शांतपणे ट्रंका भरीत होता. एक तरुण अजूनही दारातून जाताना अंग तिरके करतो. वजन गेले, पण डोक्यातला देह अजून जुन्याच मापाचा आहे. एका मुलीसाठी स्थळे येत होती. शस्त्रक्रिया झाल्याचे आधी सांगावे की नाही? घरचे म्हणत, सांगू नको. तिचे म्हणणे, निदान वर्ष-दीड वर्ष मूल होऊ द्यायचे नाही हे डॉक्टरांनी बजावले आहे, ते न सांगता संसार कसा सुरू करू? तिला कोणी उपदेश केला नाही. दोघींनी आपापल्या घरी काय घडले तेवढे सांगितले, आणि त्यातल्या एकीचे लग्न मोडले होते हेही लपविले नाही.

बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्या गटात होते. बायपासनंतर त्यांचे ३८ किलो उतरले होते, त्यांतले १९ पाच वर्षांत परत आले. त्यांनी येणे बंद केले. शल्यविशारदांकडे जाणेही बंद, गोळ्या बंद, फोन उचलणे बंद. शिक्षिका दोघांना बरोबर घेऊन त्यांच्या घरी गेल्या. ते म्हणाले, "मी कोणत्या तोंडाने येऊ?" बाई म्हणाल्या, "काका, जे आहे तेच घेऊन या." ते आले. गटानेच त्यांना माझ्याकडे पाठविले, तेव्हा रक्तातील साखर पुन्हा चढलेली होती आणि तळपाय बधिर झाले होते. 'बी-बारा' तळाला गेले होते. तीन वर्षे या माणसाने तपासणी टाळली ती आळसाने नव्हे. नापास झालेला विद्यार्थी गुरुजींना टाळतो, तसे ते आम्हाला टाळीत होते. गुरुजीपण आम्हीच अंगावर घेतले होते.

गट म्हणजे सर्व दुखण्यांवर तोडगा आहे असे मी म्हणत नाही. अशा गटांत नियमित येणाऱ्यांचे वजन अधिक उतरते असे पुष्कळ पाहण्यांत दिसले आहे; पण ज्यांचे ठीक चालले आहे तेच उत्साहाने येतात, हेही त्यामागे असू शकते. धोकेही आहेत. 'मी गोळ्या सोडल्या, मला काही झालं नाही' हे वाक्य मी त्याच ओसरीवर ऐकले आणि न बोलण्याची अट तेवढी मोडली. पहिल्या काही महिन्यांत उलट्या थांबत नसतील तर थायमिनच्या अभावाने मेंदूला कायमची इजा होऊ शकते; तेथे घरगुती उपाय आणि धीराचे शब्द यांत एक दिवसही दवडता कामा नये. जगणे नकोसे झाल्याची भाषा कोणी काढली तर तेही गटाने एकट्याने पेलावयाचे नाही. म्हणून डॉक्टर दाराबाहेर असावा, पण हाकेच्या अंतरावर असावा.

एका गोष्टीला मात्र माझा सरळ विरोध आहे. अनेक ठिकाणी रुग्णांचे मेळावे रुग्णालयेच भरवितात. व्यासपीठावर 'आधी' आणि 'नंतर' अशी जोडछायाचित्रे झळकतात, सर्वाधिक किलो उतरविणाऱ्याला पुष्पगुच्छ मिळतो. बँकेतले काका त्या सभागृहात कोठे बसतील? आणि 'आधी'च्या चित्रातली ती बाई कोण असते? तिनेच दोन मुले वाढविली, तिनेच शेकडो मुलांना पाढे शिकविले, शस्त्रक्रियेच्या टेबलावर चढण्याचे धैर्यही तिचेच. तिला लाजिरवाणी ठरवून 'नंतर'च्या बाईचा सत्कार करावयाचा, हे मला मान्य नाही.

आपल्या दवाखान्यांबद्दलही बोलले पाहिजे. माझ्याकडचा वजनकाटा १२० किलोपर्यंतच जाई. त्यापुढच्या एका रुग्णाला माझ्या माणसाने "धान्याच्या गोदामात करून या" असे सांगितले होते, हे मला फार उशिरा कळले. रक्तदाबाचा पट्टा एकाच मापाचा होता. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर दाब खोटाच वाढलेला दिसतो, हे आपण पहिल्या वर्षीच शिकतो आणि पहिल्याच वर्षी विसरतो. दोन्ही गोष्टी बदलण्याचा खर्च एका परिषदेच्या प्रवासाहून कमी आला.

हा प्रश्न पुढे वाढणारच आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतात स्थूलतेचे प्रमाण २८.६ टक्के आढळले. शस्त्रक्रियेचा विचार कोणत्या निर्देशांकापासून करावा याची मर्यादा आंतरराष्ट्रीय संघटनांनी २०२२ मध्ये खाली आणली, आशियाई लोकांसाठी तर २७.५ पर्यंत. २०२५ मध्ये भूक आवरणारी नवी इंजेक्शने आपल्याकडे दाखल झाली. त्यांनी वजन उतरविणाऱ्यांनाही स्टाफरूममधला तोच प्रश्न पडणार आहे.

तेव्हा संस्थेच्या कार्यकारिणीकडे माझी लेखी विनंती अशी की आपले सभागृह दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी दोन तास या मंडळींना विनामूल्य द्यावे. ओसरी आता अपुरी पडते. फलक लावू नये, उद्घाटन करू नये, छायाचित्रकार बोलावू नये. आपल्यापैकी एकाने आळीपाळीने दूरध्वनीवर उपलब्ध राहावे, बोलावल्याशिवाय आत जाऊ नये. शिक्षिकांशी माझे बोलणे झाले आहे. त्यांनी दोनच गोष्टी मागितल्या: खोलीत वजनकाटा नसावा, आणि बिनहाताच्या खुर्च्या असाव्यात. परवा मुद्दाम जाऊन मोजल्या. सभागृहात साठ खुर्च्या आहेत. त्यांतल्या बावन्न हातांच्या आहेत.